घड्यात राहिलेली पाटी

फानियास सुताराला कुणी विचारलं असतं, की बाबा रे, तुझ्या आयुष्याची माती कुणी केली, तर त्यानं हातातला रंधा थांबवला नसता. "नशिबानं," एवढंच म्हणाला असता आणि पुन्हा फळीला लागला असता. अथेन्समध्ये हे उत्तर खपून जातं. आमच्याकडे न्यायाला बसणारे चिठ्ठी काढून निवडायचे, सभेचे सभासद चिठ्ठी काढून, बाजारात मापं तपासणारा तोसुद्धा चिठ्ठी काढून. घड्यात नावं टाकायची, हात घालायचा, ज्याचं निघेल तो. वर देवाची मर्जी म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

पण फानियासच्या बाबतीत चिठ्ठी होती कुठे? एका माणसानं दोघांना समोर बसवून ऐकलं होतं, एकाला हो म्हटलं होतं आणि दुसऱ्याला नाही. ते 'नाही' त्याच्या पोटात बावीस वर्षं दुखत होतं.

'हो' मिळालं तो थेओदोतोस. एकाच गल्लीतले दोघं, एकाच वर्षी जन्मलेले. लहानपणी दोघं एकाच वृंदात गायले, पिकलेले अंजीर चोरताना एकाच कुंपणावरून पडले. सव्विसाव्या वर्षी दोघांनीही नाटकं लिहिली आणि दोघंही एकाच सकाळी त्या वर्षाच्या कारभाऱ्याकडे नाटकासाठी गाणाऱ्यांचा वृंद मागायला गेले. वृंद मिळाला तर नाटक वसंतातल्या उत्सवात उभं राहणार. नाही मिळाला तर त्या लिहिलेल्याचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. वर्षाला तिघांनाच मिळतो. कारभाऱ्यानं फानियासचं अर्ध्यावर थांबवलं. म्हणाला, "हात चांगला आहे तुझा. काय धंदा तुझा? सुतारकी ना? मग झालं तर." थेओदोतोसचं मात्र त्यानं शेवटपर्यंत ऐकलं.

फानियासनं घरी येऊन नाटक लिहिलेल्या पाट्यांवरचं मेण खरवडून काढलं, आणि त्या लाकडाची एक तिपाई केली. चांगली झाली तिपाई. अजून घरात आहे.

खरं सांगायचं तर तेव्हापासून त्या माणसाला थेओदोतोसचं काहीही सहन होत नसे. थेओदोतोस मोठ्यानं हसला की याच्या अंगाचा तिळपापड. त्याची दाढी दाट, याची विरळ, तर त्याचाही राग. मासळीबाजारात लोक थेओदोतोसला हाक मारून थांबवत आणि याला नुसती मान हलवत, ते मोजायचा हा! नावावरूनसुद्धा जळायचा. थेओदोतोस म्हणजे देवानं दिलेला. "जन्मतःच वशिला लावून आलाय," असं फिलिन्नाला म्हणायचा. फिलिन्ना म्हणजे त्याची बायको. तिची जीभ पटाशीपेक्षा धारदार होती.

"अहो, पण वशिला लागला कुठे?" ती म्हणायची. "दोनदा नाटकं केली त्यानं, दोन्ही वेळा आपटला. अख्ख्या गावात हरलेल्या माणसाचा हेवा करणारे तुम्ही एकटेच!"

"हरायला तरी मिळालं ना त्याला!" फानियास म्हणायचा.

यावर फिलिन्ना चुलीकडे वळायची. तिलाही ते खरं वाटत असावं.

आणि गंमत अशी की हा सगळा जळफळाट त्या थेओदोतोसच्या गावीही नव्हता. तो दिवसाआड दुकानात यायचा, फळ्यांच्या ढिगावर बसायचा, याची ऑलिव्ह खायचा, बिया भुशात टाकायचा आणि लिहिलेलं वाचून दाखवायचा. "फानियास, हे जमलंय का रे? खरं सांग." फानियास खरं सांगायचा, आणि ते बरोबर असायचं. ओळ कुठे लंगडते ते त्याला ऐकताक्षणी कळायचं. मग तो गेला की चरफडत म्हणायचा, "माझ्या कानांवर नाटककार झालाय लेकाचा."

उत्सवाच्या आधी गडाच्या उतारावर प्रेक्षकांची लाकडी बाकं ठोकायचं काम दर वर्षी फानियासकडे असे. वर तालमी चालायच्या आणि हा बाकांखाली पाठीवर पडून खुंट्या मारायचा. त्यामुळे अथेन्समधलं प्रत्येक नाटक त्यानं खालून ऐकलेलं होतं.

त्या वर्षी थेओदोतोसला तिसऱ्यांदा वृंद मिळाला. तो दुकानात आला तो नाचतच, पण बसल्यावर गंभीर झाला.

"या वेळी नाही, तर कधीच नाही बघ," तो म्हणाला. "अठ्ठेचाळीस झाली मला. दोनदा हरलेल्याला तिसऱ्यांदा दिला हेच पुष्कळ. आता हरलो तर कानाला खडा. भावाच्या मळ्यावर जाऊन ऑलिव्ह झोडत बसेन, पुन्हा पाटी हातात धरणार नाही."

"असं कसं? हरशील कशाला?" फानियास म्हणाला. आणि त्याच क्षणी त्याच्या मनात आलं, की हा मळ्यावर गेला तर किती बरं होईल. रोज हा चेहरा बघायला नको. त्याची त्यालाच लाज वाटली, पण विचार काही गेला नाही.

चार दिवसांनी त्यानं काय करावं? आपल्या गणाचा एक सभासद होता, त्याच्याकडे लेकीच्या लग्नाचा पलंग पोचवायला गेला आणि जाता जाता म्हणाला, "परीक्षकांच्या घड्यात माझं नाव टाकाल का?" सभासदाला त्यात काय अवघड? टाकलं. शहराचे दहा गण, त्यांचे दहा घडे. प्रत्येकात कितीतरी नावं. वर शिक्के मारून गडावर ठेवायचे. उत्सवाच्या सकाळी प्रत्येक घड्यातून एक नाव काढायचं. ते दहा जण परीक्षक.

घरी येऊन म्हणाला, "नाव टाकलंय. निघालं तर देवाची मर्जी म्हणायची."

"हो, पण देवाला घडा दाखवायला तुम्हीच गेलात की," फिलिन्ना म्हणाली. "कशाला गेलात ते सांगा."

"त्याला एक मत होईल माझं."

फिलिन्नानं पीठ मळता मळता त्याच्याकडे नीट बघितलं. त्या दिवशी जवाच्या भाकऱ्या जरा जोरातच थापल्या गेल्या.

आणि नाव निघालं! उत्सवाच्या पहिल्या सकाळी कारभाऱ्यानं घड्यात हात घातला आणि दवंडीवाला ओरडला, "फानियास, सुतार!"  वेदीपाशी जाऊन फानियासनं दिओनिसोस देवाची शपथ घेतली, की जे चांगलं वाटेल त्यालाच चांगलं म्हणेन, मैत्रीला नाही आणि वैराला नाही. शपथ घेताना आवाज कापला नाही. मग तो पुढच्या बाकावर जाऊन बसला. ते बाक त्यानंच ठोकलेलं. शेजारी गोर्गोस नावाचा म्हातारा तेलवाला, तोही परीक्षक, उजव्या कानानं ठार बहिरा, मांडीवर भाजलेल्या हरभऱ्यांची पिशवी.

"तू सुतार ना?" गोर्गोस ओरडला. बहिऱ्यांना आपला आवाज कळत नाही. "हे बाक हलतंय बघ!"

आसपासचे हसले. बाजूच्या वाटेनं वृंदाला घेऊन जाणाऱ्या थेओदोतोसनं फानियासला तिथे बसलेला पाहिलं. असा फुलला त्याचा चेहरा! दोन्ही हात वर करून तो ओरडला, "अरे तू! देव आहे रे बाबा, देव आहे!"

फानियासनंही हात वर केला. काय करणार?

प्रत्येक नाटककाराला एक दिवस आणि त्यात तीन नाटकं. पहिला दिवस एका तरुण पोराचा होता. त्याचं फारसं कुणाला आवडलं नाही. दुसरा दिवस थेओदोतोसचा. सकाळची दोन नाटकं बरी झाली. मग तिसरं सुरू झालं आणि फानियास हलायचा थांबला.

एका बेटाचा राजा. त्याला डेल्फीचा कौल मिळालेला: तुझ्या धाकट्या भावाला तू आपल्या हातानं समुद्राच्या स्वाधीन करशील. राजाचा भावावर जीव. मग तो काय करतो? भावाला डोंगरात पाठवतो, समुद्र दिसणारसुद्धा नाही इतक्या लांब. त्याला होडीत पाय ठेवू देत नाही, पोहायला शिकू देत नाही. पुढे लढाई येते, राजा गलबतं घेऊन निघतो. इकडे धाकटा विचार करतो, माझा भाऊ मरायला चाललाय आणि मी इथे शेळ्या राखू? तो वल्हेकऱ्याचा वेश घेऊन गुपचूप त्याच गलबतावर चढतो. आपण प्रेक्षक हे जाणतो. राजा जाणत नाही. वादळ उठतं. खलाशी म्हणतात, समुद्राला एक माणूस हवाय, चिठ्ठ्या टाका. चिठ्ठी निघते ती त्या वल्हेकऱ्याच्या नावाची. तो तोंड उघडत नाही, कारण बोलला तर राजा आवाज ओळखेल आणि मग दुसऱ्या कुणाला तरी मरावं लागेल. आणि राजा, चांगला माणूस, म्हणतो, हे ओझं दुसऱ्या कुणावर नको, मीच करतो. तो स्वतः त्याला धक्का देतो. पडता पडता त्या मुखवट्यातून एकच हाक येते. "दादा!"

पंधरा हजार माणसं एकदम "आई गं" म्हणाल्यासारखा आवाज झाला. गोर्गोस म्हातारा हरभरे विसरला. फानियास रडत होता. उगाच डोळे ओले झाले असं नाही. हुंदके देत होता, दाढीतून पाणी गळत होतं. त्या घटकेला त्याला हेवा नव्हता, थेओदोतोस नव्हता, बावीस वर्षं नव्हती. पहिला नंबर याचा, यात काही बघायचंच नाही, असं त्याच्या मनानं ठरवूनसुद्धा टाकलं होतं. मी तर म्हणतो, तिथेच नाटक संपलं असतं तर किती बरं झालं असतं.

पण नाटक संपलं नव्हतं. राजा गुडघ्यांवर बसून आक्रोश करतो, "मी काय करणार? चिठ्ठी देवानं काढली!" आणि गलबताचा म्हातारा सुकाणूवाला, इतका वेळ एक शब्द न बोललेला, पुढे येऊन शांतपणे म्हणतो:

"चिठ्ठीला हात नसतात, राजा."

 मग कुठून तरी एक उसासा आला आणि वरच्या बाकांपर्यंत चढत गेला.

फानियास ताडकन सरळ बसला. ते वाक्य त्याचं होतं.

त्याचंच! दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बाजारातल्या माप तपासनिसानं एका विधवेची टोपली लाथेनं उडवली होती आणि वर म्हणत होता, की मला काय, मला चिठ्ठीनं इथे बसवलंय. थेओदोतोस दुकानात येऊन हे सांगत होता आणि फानियास रंधा मारता मारता सहज म्हणाला होता, "चिठ्ठीला हात नसतात म्हणावं. लाथ तर नसतेच." थेओदोतोस खूप हसला होता. मग एकदम गप्प होऊन लवकर घरी गेला होता. आता कळलं का गेला ते. लिहून ठेवायला गेला, चोर!

शेजारचा गोर्गोस कुणाला तरी ओरडून विचारत होता, "काय म्हणाला? काय म्हणाला?" आणि मागचा माणूस त्याच्या डाव्या कानात ते वाक्य सांगत होता. म्हाताऱ्यानं कपाळावर हात मारला. "वा! काय माणूस आहे हा थेओदोतोस! कुठून सुचतं रे याला?"

फानियासच्या अंगातून जाळ निघाला. गालावरचं पाणी अजून सुकलं नव्हतं आणि आत नुसता वणवा. माझ्या दुकानातून! माझी ऑलिव्ह खाऊन! मला म्हणे सुतारकी कर, आणि माझ्या तोंडचा शब्द पंधरा हजारांसमोर, आणि वाहवा कुणाची, तर त्याची! त्याला उठून ओरडावंसं वाटलं, की अरे मी म्हणालो ते, मी! पण शपथ घेतलेला परीक्षक मधेच उठून ओरडत नाही. तो बसून राहिला. वृंदाचं शेवटचं गाणं त्यानं ऐकलंच नाही.

तिसऱ्या दिवशी पोलियांथेसची नाटकं झाली. झगमगीत. जांभळे झगे, यांत्रिक दोरावरून उतरणारा देव, खरे घोडे. पोलियांथेस आधीही जिंकलेला होता आणि त्याला ते ठाऊक होतं. फानियासला त्यातलं काही भिडलं नाही. दोर कुरकुरतोय, चाकाला तेल हवंय, एवढंच त्याच्या लक्षात आलं.

मग परीक्षकांच्या हातात पाट्या दिल्या. मेणावर तीन नावं लिहायची, एकाखाली एक. फानियासनं पाटी उलटून बघितली, सवयच ती. पाइनचं लाकूड, कोपऱ्यात एक काळी गाठ. असलं लाकूड त्यानं कधी वापरलं नसतं.

हातात लेखणी घेऊन तो किती वेळ बसला, देव जाणे. मनात म्हणाला, दहा पाट्या घड्यात जाणार. त्यातल्या पाचच काढणार. उरलेल्या पाच कुणी विचारतसुद्धा नाही. म्हणजे माझी निघेल की नाही हे देवाच्या हातात. मी लिहितो काय आणि न लिहितो काय! देवाला थेओदोतोस हवा असेल तर माझी पाटी तो आत ठेवेल. असं म्हणत म्हणत त्यानं पहिलं नाव लिहिलं, पोलियांथेस. दुसरं, त्या तरुण पोराचं. तिसरं, थेओदोतोस. त्या पोराचं नाव दुसरं लिहिताना हात जरा थांबला, कारण एवढं काही लिहायला नको होतं. पण थांबला आणि लिहिलं.

कारभाऱ्यानं घड्यात हात घातला. पहिली पाटी: थेओदोतोस. दुसरी: पोलियांथेस. तिसरी: पोलियांथेस. चौथी: थेओदोतोस. फानियास प्रत्येक पाटीचा कोपरा बघत होता. गाठ नव्हती. चारही पाट्यांना नव्हती. दोन-दोन झाले आणि कारभाऱ्याचा हात पाचव्यांदा आत गेला. तिकडे थेओदोतोस वृंदाच्या पोरांमध्ये उभा होता, डोळे मिटून.

पाचवी पाटी वर आली. कोपरा स्वच्छ होता.

"पोलियांथेस!"

सुटलो, असं फानियासला वाटलं.  सुटलो रे देवा, मी नाही केलं! आणि दोन श्वास घेतले नाहीत तोच दुसरं वाटलं, तेही सांगून टाकतो, लपवायचं कशाला: एवढं मन मारून आयुष्यात एकदा वाईट केलं, तेही मोजलं गेलं नाही! इथेसुद्धा मला अर्ध्यावरच थांबवलं!

घरी फिलिन्नानं मसुराचं कढण वाढलं. त्यानं वाटी बाजूला सारली.

"हरला का तो?"

"हरला."

"मग जेवत का नाही? आनंदानं जेवायचं सोडलं की दुःखानं?"

"शपथ आहे. परीक्षकानं काही सांगायचं नसतं."

"मी कुठे विचारलं काय लिहिलंत?" फिलिन्ना म्हणाली आणि त्याची वाटी उचलून तिनं कढण परत भांड्यात ओतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फानियास दुकानात नुसतीच एक फळी तासत बसला होता, कशाची ते त्यालाही माहीत नव्हतं. थेओदोतोस आला. डोळे सुजलेले, पण अंघोळ करून, दाढी विंचरून आलेला. नेहमीच्या ढिगावर बसला. ऑलिव्हच्या वाटीला हात लावला नाही.

"सहा जण होते रे माझ्या बाजूनं," तो म्हणाला. "दहांतले सहा!"

"तुला काय माहीत?"

"कारभाऱ्याचा कारकून माझ्या मावसबहिणीचा दीर. घड्यात उरलेल्या पाच पाट्या त्यानं मेण पुसताना बघितल्या. चारांवर मी पहिला! चारांवर, फानियास! आणि नेमक्या त्या आत राहिल्या. याला नशीब नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? मी सगळं आयुष्य कौल आणि चिठ्ठ्या यांवर लिहिलं, आता चिठ्ठीनंच मला धरलं." तो हसायला गेला, पण जमलं नाही. "त्या सहांतली एक तुझी. काल कोण कोण म्हणत होतं, तू ढसाढसा रडलास म्हणून. मला पोचलं ते. तुझं वाक्य ऐकलंस ना?"

फानियासची पटाशी थांबली.

"तो सुकाणूवाला म्हणजे तूच आहेस," थेओदोतोस म्हणाला. "सगळं नाटक तो गप्प असतो, आणि बोलतो तेव्हा एकच बोलतो, पण तेवढंच खरं असतं. बावीस वर्षं या ढिगावर बसून मी तेच बघतोय. जिंकलो असतो तर आयव्हीच्या वेलीचा मुकुट घालून सगळ्यांसमोर सांगणार होतो, हे वाक्य फानियास सुताराचं. आता हरलेल्याचं कोण ऐकतंय?"

 खाली बघून फानियासनं फळीवर उगाच फुंकर मारली.

"पण आत राहिलेली पाचवी पाटी!" थेओदोतोस एकदम पेटला. "पाचवीवर मी तिसरा! त्या पोराच्याही खाली! ते वाचल्यापासून कारकून हसतोय म्हणे. आणि मला ठाऊक आहे कुणाची ती. त्या बहिऱ्या गोर्गोसची! ऐकू तर येत नाही, चालला नाटकं तपासायला! आत्ता त्याच्या दुकानात जातो आणि भर बाजारात विचारतो, की म्हाताऱ्या, तेल मोजताना तरी डोळे उघडे असतात का तुझे?"

तो उठलाच. दारापर्यंत गेलासुद्धा. त्याला जाऊ द्यायचं, एवढंच करायचं होतं. गोर्गोसनं नाही म्हटलं असतं, कुणी विश्वास ठेवला नसता, चार दिवसांत सगळं विसरलं गेलं असतं. फानियासची पाटी घड्यातच राहिली होती. मेण पुसलं गेलं होतं. देवानं त्याच्यासाठी सगळं नीट झाकून ठेवलं होतं.

"गोर्गोसची नाही ती," फानियास म्हणाला. "माझी."

थेओदोतोसनं वळून बघितलं आणि हसला. खरोखरच हसला. "चल! म्हाताऱ्याला वाचवतोस होय? तुझ्याच्यानं व्हायचं नाही असलं काही. मुंगीवर पाय पडला तर बाजूला उडी मारतोस तू."

"पहिला पोलियांथेस लिहिला. दुसरा तो पोरगा. पाटीच्या कोपऱ्यात काळी गाठ होती. कारकुनाला विचार."

थेओदोतोसचं हसू गेलं नाही लगेच. ते तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे मात्र बदलले.

"का?"

किती तरी उत्तरं होती. शपथ होती, घडा होता, दिओनिसोस होता. वाक्य चोरलंस म्हणून, असंही म्हणता आलं असतं, आणि पाव घटकेपूर्वी त्यानं म्हटलंही असतं.

"हेवा," फानियास म्हणाला. "तुला वृंद मिळाला त्या सकाळपासून."

थेओदोतोस दाराच्या चौकटीला टेकला. रस्त्यावरून कुणी तरी गाढव हाकत गेलं. मग त्यानं विचारलं, अगदी हळू आवाजात, जसा तो बावीस वर्षं विचारत आला होता:

"नाटक कसं होतं? खरं सांग."

"तुझं सगळ्यात चांगलं," फानियास म्हणाला. "त्या तीन दिवसांतलंही सगळ्यात चांगलं. तो 'दादा' म्हणाला तेव्हा मला श्वास घेता येईना. मी रडलो ते खरंच रडलो."

"तुला आवडलं नसतं ना, तर मी काही म्हटलं नसतं," थेओदोतोस म्हणाला. "चार दिवसांनी येऊन इथेच बसलो असतो." त्यानं झग्यावरचा भुसा झटकला, नीट, दोन्ही बाजूंनी. "पण रडलास, आणि तिसरा लिहिलास."

आणि तो गेला. बाजाराच्या बाजूला नाही. मळ्याकडे जाणाऱ्या वेशीच्या बाजूला.